दोन फेऱ्यांत एकदा

माझ्या गॅरेजला पाटी नाही.
मिरजेत विचारा, टू-स्ट्रोकवाला कुठं बसतो,
सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी बोट दाखवतील.
पलीकडे इलाहीभाई घोडी घासत,
तारेखाली दोरा सरकवत
तंबोऱ्याची जवारी काढत बसलेला,
अलीकडे मी, कानाला स्क्रूड्रायव्हर लावून.
बावीस वर्षं त्याचं एकच म्हणणं:
तुझ्या गाड्यांना एकच सूर येतो, तोही शिवीसारखा.

खोटं नाही.
टू-स्ट्रोक प्रत्येक फेरीला पेटते.
व्हॉल्व्ह नाही, कॅम नाही,
सिलिंडरच्या भिंतीला खिडक्या
आणि वरखाली करणारा पिस्टन हाच दरवान.
लिटरला पंचवीस मिली ऑइल.
सहा हजारांखाली निव्वळ आळस,
विनवण्या करा, क्लच चोळा.
सहा हजारांवर मात्र
मागून कुणी लाथ घातल्यासारखी सुटते,
मग तुम्ही चालवत नसता,
तुम्हाला नेलं जात असतं.
माझ्या डाव्या खांद्यातली प्लेट
मिशन हॉस्पिटलात बसवली, ती त्याच नेण्याची.

केतकी कोळेकरनं फोर-स्ट्रोक आणली. एकशे पंचवीस.
तिच्या बापाच्या दुधाच्या गाडीचं इंजिन,
फ्रेम कुपवाडात वेल्ड केलेली,
टायर भिशीच्या पैशातून, तेवढेच नवे.
ओढ, दाब, स्फोट, सोड.
चार कामं, दोन फेऱ्या, पेटणं एकदाच.
म्हटलं, पोरी, ही अर्धा वेळ झोपलेलीच की!
झोपत नाही मामा, म्हणाली, श्वास घेते.
मी काही बोललो नाही.
इंजिन गार होऊ दिलं,
फीलरचं पान सरकवून टॅपेट लावून दिले.

भोसेच्या माळावर, दंडोबाच्या पायथ्याला,
अकरा गाड्या. मुरूम, कुसळं, उन्हानं पांढरा पडलेला ओढा.
विट्याचा रणधीर उभा होता
मीच बांधलेल्या टू-स्ट्रोकवर.
म्हणजे मी दोन्हीकडचा, आणि कुठलाच नाही.

सपाटीवर तो दिसेनासा झाला.
नुसता निळा धूर, आणि एरंडेलाचा तो गोडसर वास,
ज्यानं माझं अर्धं आयुष्य वास मारतं.
चढावर त्याचं चाक जागीच फिरलं,
इंजिन सहा हजारांखाली आलं नि मेलं,
पुन्हा क्लच, पुन्हा किंकाळी.
केतकी दुसऱ्या गिअरमध्ये होती.
म्हैस पाण्यातून वर येते तशी आली,
घाई नाही,
थांबणंही नाही.

मग उतार.
तिनं मूठ सोडली, इंजिननंच गाडी धरून ठेवली.
त्यानंही सोडली.
आणि मला घाम फुटला, कारण मूठ मिटली की पेट्रोल नाही,
पेट्रोल नाही म्हणजे ऑइलही नाही,
आणि चाक तर इंजिनला फिरवतंच असतं, कोरडं.
क्लच धर, ओरडलो मी,
दोनशे फुटांवरून, कुणालाच ऐकू न जाणारं.
त्यानं धरला.
शिकवलं होतं मीच, एका सीझ झालेल्या पिस्टनच्या किमतीत.

शेवटच्या सपाटीला त्यानं तिला गाठलं
आणि पुढच्या चाकाएवढ्या अंतरानं मारलं.
केतकी खाली उतरली, हातमोजा दातानं ओढत म्हणाली,
मामा, अजून एक चढ असता तर.

कोण जिंकलं, रात्री इलाहीभाईनं विचारलं.
माझीच, मी म्हणालो.
मग असा का बसलायस?

तिची गाडी स्टँडवर चालू ठेवून
स्क्रूड्रायव्हर कानाला लावला होता.
एक पेटणं, मग एक रिकामी फेरी,
मग पेटणं.
त्या रिकाम्या फेरीत काय चाललेलं असतं
हे एवढ्या वर्षांत कधी ऐकलंच नव्हतं.

एक्झॉस्टचा टॅपेट जरा बोलत होता.
जुने मिस्त्री म्हणायचे, बोलणारा बरा,
गप्प बसतो तो व्हॉल्व्ह जाळतो.
पान्याला हात घातला होता.
परत ठेवला.